स्विचचा संपर्क ओळखणाऱ्या आयसी: वाहन आणि कारखान्याच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये नव्याने आलेल्यांसाठी मार्गदर्शन

वाहनाचे दार उघडे आहे की मिटलेले, वायपरची दांडी कोणत्या खाचेत आहे, यंत्राचा सरकता भाग शेवटच्या टोकाला पोहोचला की नाही, अशा प्रश्नांची उत्तरे आजही बहुतेक ठिकाणी साधा यांत्रिक स्विचच देतो. प्रश्न ‘हो की नाही’ इतका सोपा दिसतो, की या क्षेत्रात नव्याने आलेला अभियंता एक पुल-अप (पिनेला पुरवठ्याच्या व्होल्टेजकडे ओढणारा) रेझिस्टर लावतो, मायक्रोकंट्रोलरची पिन वाचतो आणि पुढच्या कामाला लागतो. प्रयोगशाळेच्या टेबलावर हे सर्किट उत्तम चालते. तेच वाहनात बसवून दोन पावसाळे उलटले, की दार नीट लागलेले असतानाही डॅशबोर्डवर दार उघडे असल्याचा दिवा पेटू लागतो, किंवा काही आठवडे उभी राहिलेली गाडी बॅटरी उतरल्यामुळे सुरूच होत नाही, आणि मग दोष सॉफ्टवेअरमध्ये शोधण्यात वेळ जातो.

या कामासाठी खास आयसी बाजारात आहेत. एनएक्सपी कंपनीची एमसी३३९७८ ही आयसी २२ स्विच वाचते, तर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीआयसी१२४००-क्यू१ ही २४ स्विच वाचते. दोन्ही आपली माहिती एसपीआयवरून मायक्रोकंट्रोलरला देतात. कारखान्यातील २४ व्होल्टच्या यंत्रणेसाठी मॅक्स२२१९० किंवा आयएसओ१२१२ यांसारख्या वेगळ्या आयसी वापरल्या जातात. पुढील विवेचनात १२ व्होल्टच्या वाहनातील बॉडी कंट्रोल मॉड्यूल (दारे, दिवे, वायपर यांसारख्या गोष्टी सांभाळणारा नियंत्रक) हे मुख्य उदाहरण धरले आहे आणि औद्योगिक बाजूचा विचार नंतर स्वतंत्रपणे केला आहे. वाचकाला ओहमचा नियम, कॅपॅसिटर भरण्याचे गणित आणि एसपीआयची तोंडओळख आहे, असे गृहीत धरले आहे.

नवोदित बहुधा एसपीआयच्या कोडपासून सुरुवात करतात, कारण तिथे हाताला लगेच काहीतरी लागते. माझ्या मते सुरुवात स्विचच्या डेटाशीटपासून व्हावी. संपर्कातून किती प्रवाह वाहू द्यायचा हे एकदा ठरले, की थ्रेशोल्ड (संपर्क जुळला की उघडा हे ठरवणारी व्होल्टेजची सीमा), पिनवरचा कॅपॅसिटर, गाडी उभी असतानाचा वीजवापर आणि आयसीचे तापणे हे सारे निर्णय त्या एका आकड्याला बांधलेले असतात. तो आकडा मागाहून बदलला तर बाकीचे सगळे गणित पुन्हा मांडावे लागते.

पहिली पायरी: प्रत्येक स्विचची नोंद

आयसी निवडण्यापूर्वी सर्व स्विचांचा एक तक्ता करावा. त्यात स्विच ग्राउंडला जुळतो की बॅटरीला, तो एनओ (एरवी उघडा राहणारा) आहे की एनसी (एरवी जुळलेला राहणारा), संपर्कावर चांदी आहे की सोन्याचा मुलामा, उत्पादकाने किमान आणि कमाल प्रवाह किती सांगितला आहे, गाडी झोपलेली (म्हणजे वीज वाचवण्याच्या अवस्थेत) असताना या स्विचने तिला जागे करायचे आहे का, आणि त्याला दोनच अवस्था आहेत की अनेक, एवढे रकाने असावेत. शिवाय दोन रकाने असे आहेत, जे नेहमी रिकामे राहतात आणि पुढे त्रास देतात: संपर्क जुळलेला असताना हार्नेस (तारांचा जुडगा) आणि कनेक्टर धरून होणारा जास्तीत जास्त रोध, आणि संपर्क उघडा असताना ओलाव्यामुळे होणाऱ्या गळतीचा कमीत कमी रोध. वाहन उत्पादकाच्या तपशीलपत्रात हे दोन्ही आकडे बहुधा दिलेले असतात. नसतील तर लेखी मागून घ्यावेत.

वाहनात बहुसंख्य स्विच ग्राउंडला जुळणारे असतात. गाडीचा सांगाडाच ग्राउंड असल्यामुळे स्विचपर्यंत एकच तार न्यावी लागते, आणि ती तार पत्र्यावर घासून सोलली तरी फ्यूज उडत नाही. मात्र सोललेली तार आणि जुळलेला संपर्क आयसीला सारखेच दिसतात. म्हणूनच ब्रेकच्या पेडलसारख्या ठिकाणी एक एनओ आणि एक एनसी असे दोन संपर्क घेऊन दोघांचे म्हणणे परस्परांशी ताडून पाहण्याची पद्धत आहे. टीआयसी१२४००-क्यू१च्या २४ पिनांपैकी १० पिना ग्राउंड किंवा बॅटरी अशा दोन्ही प्रकारच्या स्विचांसाठी लावता येतात आणि उरलेल्या १४ फक्त ग्राउंडच्या स्विचांसाठी आहेत. एमसी३३९७८मध्ये ही वाटणी ८ आणि १४ अशी आहे. तक्ता आधी झालेला असेल तर कोणता स्विच कोणत्या पिनेवर जाईल, हा प्रश्न काही मिनिटांत सुटतो.

दुसरी पायरी: संपर्कातून वाहणारा प्रवाह ठरवणे

चांदीच्या संपर्कावर हवेतील गंधकामुळे सिल्व्हर सल्फाइडचा काळपट थर बसतो. कथिलाचा मुलामा असलेल्या कनेक्टरमध्ये इंजिनाच्या कंपनाने पृष्ठभाग सूक्ष्म प्रमाणात घासत राहतात आणि तिथे ऑक्साइडचा चुरा साठतो. संपर्क जुळण्याच्या क्षणी पुरेसे व्होल्टेज आणि पुरेसा प्रवाह मिळाला तरच हा थर फुटतो. त्यासाठी मुद्दाम दिलेल्या प्रवाहाला वेटिंग करंट म्हणतात. चांदीच्या संपर्कासाठी सुमारे १० मिलीअँपिअर हा रूढ आकडा आहे. सोन्यावर असा थर बसत नाही, म्हणून तिथे १ मिलीअँपिअरसुद्धा पुरतो. उलट त्या पातळ मुलाम्यातून वारंवार मोठा प्रवाह जाऊ दिला तर मुलामाच जळून जातो. सगळ्या पिनांना सरसकट कमाल प्रवाह देऊन टाकणे हा सोपा वाटणारा मार्ग त्यामुळे चुकीचा आहे. किती प्रवाह द्यायचा ते तक्त्यातील किमान-कमाल रकाने पाहून प्रत्येक स्विचसाठी वेगळे ठरवावे.

रेझिस्टर आणि आयसी यांतील फरक इथेच स्पष्ट होतो. १२ व्होल्टला १० मिलीअँपिअर मिळावा म्हणून १.२ किलोओहमचा पुल-अप घेतला, तर स्टार्टर फिरताना बॅटरी ६ व्होल्टवर आली की प्रवाह निम्मा होतो, आणि १६ व्होल्टला तो १३ मिलीअँपिअरच्या वर जाऊन एकट्या रेझिस्टरमध्ये सुमारे २१३ मिलीवॉट उष्णता तयार होते. आयसीमध्ये रेझिस्टरच्या जागी स्थिर प्रवाहाचा स्रोत असतो. एमसी३३९७८मध्ये हा प्रवाह २ ते २० मिलीअँपिअरच्या दरम्यान आठ टप्प्यांत निवडता येतो, तर टीआयसी१२४००-क्यू१मध्ये १, २, ५, १० आणि १५ मिलीअँपिअर असे पर्याय आहेत. बॅटरीचे व्होल्टेज बदलले तरी, आयसीच्या चालण्याच्या मर्यादेत, निवडलेला प्रवाह जवळपास तोच राहतो.

उष्णता मात्र आयसीमध्येही टळत नाही. २४ स्विच एकाच वेळी जुळलेले आहेत आणि प्रत्येकातून १० मिलीअँपिअर वाहतो आहे असे धरले, तर १४ व्होल्टला ३.३६ वॉट होतात, आणि स्विच ग्राउंडला जुळणारे असतील तर ही जवळपास सगळी उष्णता आयसीच्या पोटातच तयार होते. डॅशबोर्डमागे ८५ अंश सेल्सिअस तापमानात बसलेल्या छोट्या आयसीला ते झेपणारे नाही. यावरचा उपाय असा, की थर फोडण्यापुरता मोठा प्रवाह क्षणभर द्यायचा आणि नंतर तो कमी करायचा. एमसी३३९७२ या आधीच्या आयसीमध्ये १६ मिलीअँपिअरचा प्रवाह सुमारे २० मिलिसेकंदांनी २ मिलीअँपिअरवर उतरवण्याची सोय होती आणि नंतरच्या आयसींनीही तीच कल्पना पुढे नेली आहे. प्रवाह २ मिलीअँपिअरवर आला, की वरचे गणित ३.३६ वॉटवरून ६७२ मिलीवॉटवर येते. ही सोय आपोआप चालू आहे असे समजू नये. ती कोणत्या रजिस्टरमधील कोणत्या बिटाने चालू होते, हे डेटाशीटमध्ये पाहून तक्त्यात लिहून ठेवावे.

तिसरी पायरी: थ्रेशोल्ड

पिनवरचे व्होल्टेज किती असेल तर संपर्क जुळलेला मानायचा, हे ठरवताना दोन्ही बाजूंची वाईटात वाईट परिस्थिती एकाच प्रवाहाने मोजावी. समजा, १० मिलीअँपिअर निवडला आहे आणि जुळलेल्या अवस्थेतील रोध, जुना संपर्क आणि कनेक्टर धरून, १०० ओहमपर्यंत जाऊ शकतो. त्यावर १ व्होल्ट पडतो. स्विच जिथे ग्राउंड होतो तो पत्रा आणि मॉड्यूलचे ग्राउंड यांत मोठ्या भारांच्या प्रवाहामुळे फरक पडतो. तो १ व्होल्ट धरण्याची पद्धत आहे. मार्गात एखादा संरक्षक डायोड असेल तर त्याचे आणखी ०.७ व्होल्ट येतात. बेरीज २.७ व्होल्ट होते. टीआयसी१२४००-क्यू१च्या तुलनाकाराला (कम्पॅरेटरला) २, २.७, ३ आणि ४ व्होल्ट असे चार थ्रेशोल्ड देता येतात; त्यांतील पहिले दोन इथे बाद झाले, तिसरा काठावर आहे, म्हणजे ४ व्होल्ट घ्यावा.

आता उघड्या संपर्काची बाजू पाहू. कोकणातील पावसात दाराच्या कनेक्टरमध्ये पाणी आणि चिखल साचून गळतीचा रोध २ किलोओहमपर्यंत खाली आला, अशी टोकाची अवस्था धरू. प्रवाह १ मिलीअँपिअरच असेल तर पिनेवर २ व्होल्टच दिसतात, म्हणजे उघडा संपर्क जुळलेला वाटतो. दार मिटलेले असूनही दिवा पेटतो तो असा. प्रवाह १० मिलीअँपिअर असेल तर तोच रोध पिनेला बॅटरीच्या व्होल्टेजपर्यंत चढू देतो आणि निदान बरोबर येते. मोठा प्रवाह संपर्क स्वच्छ ठेवतोच, शिवाय ओलाव्यावरही मात करतो. पण त्याच प्रवाहाने जुळलेल्या अवस्थेतील व्होल्टेजही वर जाते, म्हणून एक बाजू मोजून थांबू नये.

बॅटरी खाली आल्यावर काय होते, हेही याच वेळी तपासावे. आयसीच्या पुरवठ्याच्या किमान मर्यादेजवळ ४ व्होल्टच्या थ्रेशोल्डला मोकळी जागा फार उरत नाही. स्टार्टर फिरत असताना व्होल्टेज याच्याही खाली जाऊ शकते. त्या काळातील वाचन ग्राह्य न धरता आधीची अवस्था कायम ठेवावी, असा नियम सॉफ्टवेअरच्या तपशिलात स्पष्ट लिहावा.

चौथी पायरी: पिनेवरचा कॅपॅसिटर आणि झोपेतील वाचन

या पायरीवर सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून ती सावकाश पाहू.

हार्नेसमधून येणाऱ्या स्थिर विजेच्या झटक्यापासून बचाव करण्यासाठी प्रत्येक पिनेवर, कनेक्टरच्या अगदी जवळ, सिरॅमिक कॅपॅसिटर लावतात. समजा, तो १५ नॅनोफॅरडचा आहे. चाचणीतील १५० पिकोफॅरडचा संच ८ किलोव्होल्टला भरून त्यावर रिकामा केला, तर १.२ मायक्रोकूलॉम्ब विद्युतभार येतो आणि कॅपॅसिटरवर सुमारे ८० व्होल्ट चढू शकतात. आयसीतील संरक्षक भाग काही भार उचलतो, पण ५० व्होल्टचा कॅपॅसिटर इथे घेऊ नये. १०० व्होल्टचा घ्यावा. बोर्ड वाकल्यामुळे सिरॅमिक कॅपॅसिटरला तडा जाऊन तो शॉर्ट होऊ शकतो, आणि मग तो स्विच कायमचा जुळलेला दिसतो. यासाठी बोर्डाच्या कडेपासून आणि स्क्रूच्या छिद्रांपासून तो दूर ठेवावा, किंवा लवचीक टोकांचा प्रकार निवडावा.

आता झोपेचा विचार. दार उघडे राहिले आणि पुल-अपमधून १० मिलीअँपिअर सतत वाहत राहिला, तर ३० दिवसांत ७.२ अँपिअर-तास खर्च होतात. लहान मोटारीच्या ४५ अँपिअर-तासांच्या बॅटरीचा हा सहावा भाग झाला, आणि तोही एकाच स्विचमुळे. आयसी यासाठी पोलिंग करते: ठरावीक अंतराने काही मायक्रोसेकंदांपुरता प्रवाह सोडते, पिन पाहते आणि पुन्हा झोपते. दर ६४ मिलिसेकंदांनी १२८ मायक्रोसेकंद प्रवाह सोडला, तर तो एकूण काळाच्या ५००व्या भागापुरताच वाहतो आणि १० मिलीअँपिअरची सरासरी २० मायक्रोअँपिअरवर येते.

इथेच कॅपॅसिटर आडवा येतो. संपर्क नुकताच उघडला आहे, कॅपॅसिटर रिकामा आहे, आणि आयसीने प्रवाह सोडला. पिन ४ व्होल्टपर्यंत चढायला लागणारा वेळ म्हणजे धारिता गुणिले ४ व्होल्ट भागिले प्रवाह. १५ नॅनोफॅरड आणि १० मिलीअँपिअर असतील तर हा वेळ ६ मायक्रोसेकंद, आणि १ मिलीअँपिअर असेल तर ६० मायक्रोसेकंद भरतो; दोन्ही १२८च्या आत आहेत. पण झटक्यापासून अधिक संरक्षण मिळावे म्हणून कोणी कॅपॅसिटर १०० नॅनोफॅरडचा केला आणि प्रवाह १ मिलीअँपिअरच ठेवला, तर ४०० मायक्रोसेकंद लागतात. १२८ मायक्रोसेकंदांत पिन जेमतेम १.२८ व्होल्टपर्यंत पोहोचते आणि आयसी उघडा संपर्क जुळलेला असल्याचे कळवते.

पुढे जे घडते ते ऑसिलोस्कोपवर पाहण्यासारखे असते. कनेक्टर कोरडा असेल आणि गळती नगण्य असेल, तर दोन फेऱ्यांमधील ६४ मिलिसेकंदांत कॅपॅसिटर रिकामा होत नाही. दुसऱ्या फेरीत पिन २.५६ व्होल्टवर, तिसरीत ३.८४वर आणि चौथीत ४च्या पुढे जाते, म्हणजे निदान उशिरा का होईना पण बरोबर येते. कनेक्टर ओला असून गळतीचा रोध १०० किलोओहम असेल, तर कॅपॅसिटर १० मिलिसेकंदांच्या कालांकाने उतरतो, पुढची फेरी येईपर्यंत जवळपास रिकामा होतो, आणि पिन कधीच ४ व्होल्टला पोहोचत नाही. तिसऱ्या पायरीच्या गणितात १०० किलोओहमची गळती पूर्ण निरुपद्रवी ठरली असती. म्हणून प्रवाह, कॅपॅसिटर आणि पोलिंगचा सक्रिय काळ हे तिन्ही आकडे एकाच ओळीत लिहावेत आणि त्यांतील एक बदलला की उरलेले दोन पुन्हा तपासावेत. कॅपॅसिटर बदलण्याचा निर्णय बहुधा संरक्षणाच्या चाचण्या पाहणारी मंडळी घेतात आणि पोलिंगचा काळ सॉफ्टवेअरवाले ठरवतात. ही ओळ दोघांच्याही डोळ्यांपुढे असली पाहिजे.

पाचवी पायरी: बाउन्स

संपर्क जुळताना काही वेळा उसळतो. हा काळ साधारण १ ते १० मिलिसेकंद असतो आणि झिजलेल्या स्विचमध्ये तो वाढतो. आयसीमध्ये लागोपाठ काही वाचने सारखी आल्यावरच बदल मान्य करण्याचा फिल्टर असतो. जागेपणी २० मिलिसेकंदांचा विलंब माणसाला जाणवत नाही. झोपेत मात्र दर ६४ मिलिसेकंदांच्या चार वाचनांसाठी पाव सेकंदाहून थोडा अधिक वेळ जातो, आणि रिमोटऐवजी दाराचा दांडा ओढणाऱ्याला तो जाणवतो. अशा वेळी पहिल्या बदलावरच मायक्रोकंट्रोलरला जागे करावे आणि खात्री जागेपणी करून घ्यावी.

सहावी पायरी: एसपीआय आणि सुरुवातीचा क्रम

आता कोड लिहायला हरकत नाही. वीज आल्यावर प्रथम आयसीचा रीसेट झाल्याची खूण वाचावी, मग प्रत्येक पिनेचा प्रकार, प्रवाह, थ्रेशोल्ड आणि इंटरप्टच्या (मायक्रोकंट्रोलरचे लक्ष वेधणाऱ्या संकेताच्या) अटी लिहाव्यात, आणि लिहिलेले सगळे परत वाचून ताडून पाहावे. टीआयसी१२४००-क्यू१चा एसपीआय संदेश ३२ बिटांचा असतो आणि त्यातील शेवटचा बिट पॅरिटीचा, म्हणजे संदेशातील चूक ओळखण्याचा, असतो. पॅरिटी चुकली तर लिखाण स्वीकारले जात नाही. याच आयसीमध्ये सर्व रजिस्टरे भरल्यानंतर ट्रिगर बिट १ केल्याशिवाय वाचन सुरू होत नाही आणि तो १ असताना मांडणी बदलता येत नाही. ‘रजिस्टर लिहिले, पण काहीच घडत नाही’ या तक्रारीचे मूळ अनेकदा या एका बिटात सापडते.

इंटरप्टवर पूर्ण विसंबू नये. इंटरप्ट आला की कारणाचे रजिस्टर वाचावे, त्याच वेळी सर्व पिनांची अवस्थाही वाचावी. शिवाय काही शे मिलिसेकंदांनी एकदा, इंटरप्ट आला नसला तरी, अवस्था वाचून आपल्या नोंदीशी जुळवावी. बॅटरीत क्षणिक खड्डा पडून आयसी रीसेट झाली आणि मायक्रोकंट्रोलर मात्र तगून राहिला, तर आयसीची मांडणी मूळ स्थितीत जाते आणि सॉफ्टवेअरला त्याचा पत्ताही लागत नाही. रीसेटची खूण प्रत्येक वाचनात तपासली तर ही अवस्था लगेच पकडता येते.

अनेक अवस्थांचे स्विच आणि तुटलेली तार

वायपरच्या दांडीसारख्या ठिकाणी प्रत्येक खाचेला वेगळा रेझिस्टर देऊन एकाच तारेवर अनेक अवस्था आणतात. टीआयसी१२४००-क्यू१मध्ये यासाठी १० बिटांचे एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) आहे; तिचे भावंड टीआयसी१००२४-क्यू१ यात एडीसी नाही, फक्त तुलनाकार आहेत, त्यामुळे असे स्विच असतील तर खरेदीच्या वेळी नाव नीट पाहावे. ५ मिलीअँपिअर प्रवाहाला १००, २५०, ५०० आणि ९०० ओहम या रोधांवर ०.५, १.२५, २.५ आणि ४.५ व्होल्ट मिळतात. वरच्या खाचांमध्ये अंतर जास्त ठेवले आहे ते मुद्दाम, कारण प्रवाहाच्या स्रोतातील टक्केवारीची चूक मोठ्या व्होल्टेजवर मोठी होते, तर ग्राउंडमधील फरक सगळ्या खाचांना सारखाच सरकवतो.

हीच युक्ती तार तुटल्याचे ओळखायलाही कामी येते. स्विचला समांतर १.५ किलोओहम आणि या जोडीला एकसर ४७० ओहम असे रेझिस्टर स्विचच्या घरातच बसवले, तर २ मिलीअँपिअर प्रवाहाला जुळलेला संपर्क ०.९४ व्होल्ट आणि उघडा संपर्क ३.९४ व्होल्ट दाखवतो. ० व्होल्ट दिसले तर तार पत्र्याला टेकली आहे आणि बॅटरीइतके व्होल्टेज दिसले तर ती तुटली आहे. हे रेझिस्टर मॉड्यूलच्या बोर्डावर लावण्यात काहीच अर्थ नाही, कारण मग तारेचा भाग तपासणीच्या बाहेरच राहतो.

कारखान्यातील २४ व्होल्टची बाजू

पीएलसीच्या (कारखान्यातील यंत्रे चालवणाऱ्या नियंत्रकाच्या) डिजिटल इनपुटसाठी नियम आयईसी ६११३१-२ या मानकाने घालून दिले आहेत. त्यातील टाइप १ मध्ये १५ ते ३० व्होल्ट म्हणजे चालू. हा प्रकार मुख्यतः यांत्रिक संपर्कांसाठी आहे. टाइप ३ मध्ये ११ ते ३० व्होल्ट म्हणजे चालू आणि ५ व्होल्टच्या खाली म्हणजे बंद. दोन तारांचे प्रॉक्सिमिटी सेन्सर (स्पर्शाशिवाय वस्तू जवळ आल्याचे ओळखणारे) बंद असतानाही थोडा प्रवाह गळू देतात आणि टाइप ३ ही गळती १.५ मिलीअँपिअरपर्यंत सहन करतो. दोन्ही प्रकारांत चालू अवस्थेत किमान २ मिलीअँपिअर वाहिला पाहिजे. नव्या आराखड्यात टाइप ३ घ्यावा. त्यात टाइप १ ची गरज बहुधा भागतेच.

या बाजूला आयसीचा मोठा फायदा उष्णतेत दिसतो. ११ व्होल्टला २ मिलीअँपिअर मिळावा म्हणून ५.५ किलोओहमचा रेझिस्टर लावला, तर ३० व्होल्टला त्यातून ५.४५ मिलीअँपिअर वाहतो आणि १६४ मिलीवॉट उष्णता होते. प्रवाह २.३ मिलीअँपिअरवर रोखणाऱ्या आयसीमध्ये हाच आकडा ६९ मिलीवॉट येतो. एका इनपुटला हा फरक किरकोळ वाटतो; बंद खोक्यात शेजारीशेजारी बसलेल्या ३२ इनपुटांना तो सुमारे ३ वॉटचा होतो.

आयएसओ१२१२मध्ये विद्युत विलगता (दोन बाजूंमध्ये थेट विद्युत जोड नसणे) आयसीतच आहे, आणि ५६२ ओहमच्या बाह्य रेझिस्टरने प्रवाह सुमारे २.२५ मिलीअँपिअरवर ठरतो. जुन्या आराखड्यांत विलगतेसाठी प्रकाशातून संकेत पोहोचवणाऱ्या ऑप्टोकपलरचा एलईडी वर्षानुवर्षांनी मंदावतो आणि तापमानाबरोबर त्याचे गुणोत्तर हलते. विलगतेची नवी आयसी निवडण्याचे हे मुख्य कारण आहे. मॅक्स२२१९० आठ इनपुट वाचते आणि तार तुटल्याचेही सांगते, पण त्यासाठी उघड्या संपर्काला समांतर रेझिस्टर असून त्यातून थोडा प्रवाह सतत वाहत असला पाहिजे. लिमिट स्विच साधा असेल आणि तो रेझिस्टर कोणी लावलाच नसेल, तर प्रत्येक उघडा संपर्क तुटलेली तार म्हणून नोंदवला जाईल.

आपत्कालीन थांब्याचे बटण अशा साध्या इनपुटवर घेऊन केवळ सॉफ्टवेअरने यंत्र थांबवू नये. त्याचा मार्ग सेफ्टी रिले किंवा सेफ्टी पीएलसीमधूनच जावा. साधा इनपुट फक्त ‘बटण दाबले गेले’ एवढी माहिती दाखवण्यासाठी ठेवावा.

चाचणी

स्विचच्या जागी रोध बदलता येणारी पेटी लावावी आणि ० ओहमपासून हळूहळू वर जात निदान कुठे बदलते ते टिपावे. मग वरून खाली यावे. हीच फेरी ६.५, ९, १४ आणि १६ व्होल्टला, आणि थंड तसेच तापलेल्या अवस्थेत करावी. ग्राउंडमधील फरकासाठी स्विचच्या ग्राउंडच्या तारेत १ व्होल्टचा छोटा पुरवठा आधी एका दिशेने आणि मग उलट जोडावा. पोलिंगची चाचणी करताना पिनेवर १० पट कमी करणारा प्रोब वापरावा, आणि पेटीचा रोध १०० किलोओहमला ठेवून, संपर्क उघडल्यानंतर किती फेऱ्यांनी निदान बदलते ते मोजावे. मॉड्यूलच्या विद्युतचुंबकीय चाचण्या पुण्यातील एआरएआयसारख्या वाहन संशोधन संस्थेत होतात. तिथे जाण्यापूर्वी एवढे काम आपल्या टेबलावर पूर्ण झालेले असावे, कारण तिथला वेळ महाग असतो.

वापरातून परत आलेल्या स्विचबद्दल एक सूचना. तो हाती आल्यावर सवयीने दाबून पाहू नये आणि पुसूही नये, कारण एका दाबानेही संपर्कावरचा थर खरवडला जातो. साध्या मल्टीमीटरचे व्होल्टेजही काही वेळा थर फोडण्याइतके असते. उघड्या टोकांवर २० मिलीव्होल्टपेक्षा जास्त व्होल्टेज न लावणाऱ्या चार तारांच्या मीटरने आधी रोध मोजावा, तो आकडा लिहून ठेवावा, नंतर मॉड्यूल ज्या प्रवाहाने वाचते त्याच प्रवाहाने पुन्हा मोजावा, आणि स्विच उघडून पाहण्याचे काम त्यानंतर हाती घ्यावे.